आमच्या घरची मर्सिडीज

कुठल्याही नव्या ग्रुपमध्ये कधी ना कधी गाड्यांचा विषय निघतोच. कुणाची स्विफ्ट, कुणाची नेक्सॉन, कुणी पहिला ईएमआय जायच्या आधीच सनरूफचे फोटो टाकलेले. माझी पाळी आली की मी कॉफीचा एक घोट घेते आणि अगदी शांतपणे सांगते, ‘आमच्या घरी मर्सिडीज आहे.’

दोन सेकंद सन्नाटा. कोथरूडमध्ये दोन रूममेट्सबरोबर राहणाऱ्या, कॅबचे पैसे तिघींत वाटून घेणाऱ्या फ्रीलान्सर मुलीच्या घरी मर्सिडीज?

‘कुठलं मॉडेल?’

‘1967. सहा चाकं, लाकडी केबिन. मागे पाच टन गूळ मावतो.’

जोक नाही, बॉस. 1954 मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 मध्ये तो करार संपला. त्या पंधरा वर्षांत जे ट्रक निघाले त्यांच्या नाकावर चक्क तो तीन टोकांचा तारा होता, जो बघून आपण सिग्नलला मान वळवतो. नंतर ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. आमचा ट्रक ताऱ्यावाला. बॉनेट लांब पुढे आलेलं, त्याच्या दोन बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे हेडलाइट. कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला आमचं घर आहे, तिथल्या अंगणात चिंचेच्या झाडाखाली तो उभा असतो. आजोबांनी घेतला, मोठ्या काकांनी चालवला. खाली उतरताना गूळ, वर येताना चिरा. आंबा घाट त्यांनी इतक्यांदा केलाय की त्यातली वळणं ते झोपेतही मोजू शकतील. गाडीतून गूळ जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी फळ्यांच्या फटीत अजून मुंग्या निघतात. माझ्या मते त्यांचा वंश तिथेच वाढलाय.

आता मी हे सगळं एवढं कौतुकानं सांगत्येय, पण गेल्या जूनपर्यंत मला त्या ट्रकशी काही घेणंदेणं नव्हतं. लहानपणी लपाछपीला बरा, एवढंच. भानगड सुरू झाली ती माझ्याच एका फोटोमुळे.

पावसात चिंचेखाली उभा असलेला जुना ट्रक, गंजलेली जाळी, वर तो तारा. फोटो सॉलिड आला होता, मी टाकून दिला. एका ओळखीच्या इंटिरिअर डिझायनरचा लगेच मेसेज. पुण्यात एका कॅफेचं काम करतोय, ‘रस्टिक’ थीम आहे, ट्रक विकणार का? पूर्ण नको, फक्त तोंड. म्हणजे बॉनेट, जाळी, मडगार्ड आणि हेडलाइट. कापून काउंटरला लावायचं. त्यानं सांगितलेली रक्कम भंगारवाल्याच्या किलोच्या भावापेक्षा कितीतरी जास्त होती. मी एक्साइट होऊन ती दादाला फॉरवर्ड केली. दादा म्हणजे काकांचा मुलगा. त्याला तसंही ती जागा हवी होती, वहिनीच्या ट्यूशन क्लाससाठी एक खोली बांधायला. त्याचं काही चुकत नव्हतं. वर्षानुवर्षं न हलणारी वस्तू अंगणातली सगळ्यात चांगली जागा अडवून बसलीये आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात वीस मुलांना शिकवत्येय!

प्रॉब्लेम एवढाच होता की कुणी काकांना विचारलंच नव्हतं.

काकांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. चालतात, बोलतात, पण उजव्या हातात जोर नाही, बोटं नीट मिटत नाहीत. त्याआधी दर खंडेनवमीला ते ट्रक स्टार्ट करायचे, पूजा व्हायची, चाकाखाली लिंबू चिरडलं जायचं. गेले दोन दसरे नुसतं हळदकुंकू लागलं. कॅफेचं कळल्यावर ते काहीही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाले, ‘तोंड कापायचं म्हणजे कुठनं कापायचं ठरलंय?’

त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही.

शेवटी दादानं तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत ट्रक चालू झाला तर विषय बंद. नाही झाला तर कॅफे. मेकॅनिक लावायचा खर्च तो करणार नव्हता आणि ते रास्तच होतं. मी म्हटलं, मी करते. दादा हसला. वहिनी हसली. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘त्या मास कॉमला पाने-बिने शिकवत्यात का गं?’

तर असे माझे जुलै ते ऑक्टोबरचे वीकएंड. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस, शनिवारी पहाटे कोल्हापूर, रविवारी रात्री परत. मैत्रिणी लोणावळ्याला आणि मी ताडपत्रीखाली. आधी खरं सांगून टाकते, सुरुवातीला मला या कॉलमसाठी विषयही हवाच होता. तो एवढा हाताला चिकटेल असं वाटलं नव्हतं. (अक्षरशः. ग्रीस साबणानं जात नाही. डिशवॉश लिक्विडमध्ये चिमूटभर साखर घालून चोळा. काकूची टिप.)

पहिल्याच शनिवारी मी बॅटरी काढायला गेले आणि प्लसच्या टर्मिनलला पाना लावला. पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं. फट्ट! निळी ठिणगी, पान्यावर एक छोटा खड्डा आणि मी दोन फूट मागे. काका खुर्चीतून उठलेही नाहीत. ‘अर्थिंग आधी काढायचं. लावताना शेवटी लावायचं. आता जन्मात विसरणार नाहीस.’ खरंच नाही विसरणार. मायनस आधी काढला की पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, कारण सर्किटच पूर्ण होत नाही. हे मला दहावीच्या विज्ञानात शिकवलं होतं, पण तिथे ठिणगी नव्हती. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली की जाते, ती ॲसिडची असते म्हणून. मग वर पेट्रोलियम जेलीचा हात. हे तुम्ही तुमच्या स्कूटीलाही करू शकता.

आमची वाटणी सरळ होती. डोकं काकांचं, हात माझे. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून डाव्या हातात टॉर्च धरायचे आणि मी त्या उजेडात कोपरापर्यंत आत. सगळ्यात आधी इंजिन अडकलंय की नाही ते बघायचं होतं. दोन वर्षं न फिरलेल्या इंजिनला थेट स्टार्टर मारायचा नसतो. पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून, त्यावर पाइप चढवून मी लोंबकळले. काही नाही. पुन्हा लोंबकळले. मग आतून कुणीतरी मोठा उसासा सोडल्यासारखा आवाज आला आणि पुली बोटभर सरकली. तो सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा आवाज होता. काका म्हणाले, ‘जिवंत हाय.’

मग ऑइल बदललं, रेडिएटरचा तडकलेला होज बदलला, टाकीतलं जुनं डिझेल खालचा प्लग खोलून काढलं. वर डिझेल, खाली पाणी आणि त्याखाली काळा चिखल. ही सगळी बिनडोक पण मजेची कामं. पाना बरोबर नंबरचा असला आणि नट गोल केला नाही की निम्मी लढाई जिंकली. जाम झालेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचं आणि सकाळपर्यंत त्याला विचार करू द्यायचा. आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित हलवायचा, मग सोडवायचा. हे का चालतं ते मला कळलंय असं वाटतं. गंजाची पकड कुठल्याही दिशेनं तुटली तरी तुटतेच.

केबिनचं दार हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्या काळी कंपनीकडून नुसती चॅसी, इंजिन आणि पुढचं तोंड यायचं. केबिन आणि मागचा हौदा इथले सुतार बांधायचे. म्हणजे बाहेरून मर्सिडीज आणि आतून आजीचं कपाट! दार लोंबत होतं, कारण बिजागरीचे स्क्रू लाकडात फिरून फिरून भोकं मोठी झाली होती. उपाय काय? काड्यापेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, रात्रभर सुकवायच्या आणि सकाळी स्क्रू पिळायचा. बस. भाड्याच्या फ्लॅटमधल्या कपाटाचं दारही मी आता असंच दुरुस्त केलंय, घरमालकाला न सांगता. मागच्या फळीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र मी तसंच ठेवलंय. महाराष्ट्रात 2015 साली परिवहन खात्यानं ती अक्षरं लिहायला बंदी घातली, पण आमचा ट्रक रस्त्यावर येणारच नाही, तेव्हा चिंचेला हॉर्न ओके.

रस्त्यावर येणार नाही, कारण पासिंग संपून जमाना झाला. मला वाटलं होतं, आजकाल ते विंटेज रजिस्ट्रेशन असतं ना, ते करू. केंद्र सरकारनं 2021 मध्ये नियम आणले, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी ‘व्हीए’ सिरीजची नंबरप्लेट वगैरे. मी उत्साहानं वाचायला घेतलं. दुचाकी आणि चारचाकी, खाजगी वापराच्या. झालं! राजेसाहेबांची मोटार विंटेज आणि राजेसाहेबांच्या लग्नाचा गूळ वाहणारा ट्रक भंगार. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘त्याला काय नवीन?’

आता डिझेलची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण माझे तीन वीकएंड हिनं खाल्ले.

पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्यात डिझेलचा फवारा गेला की पेटतो. तो फवारा मारायला प्रचंड दाब लागतो, आणि तिथेच मेख आहे. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि इंजेक्टरपर्यंत काही पोचत नाही. मेकॅनिक लोक म्हणतात, ‘एअर पकडलीय.’ टाकी रिकामी केली की एअर पकडणारच. मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला ‘चॅनेलमधला नॉइज’ शिकवला होता. सेंडर ओरडतोय, रिसीव्हरला ऐकूच येत नाहीये. त्याचं इतकं झक्कास उदाहरण मला तेव्हा कुणी दिलं असतं तर मार्क वाढले असते.

एअर काढायची पद्धत अशी. पंपाच्या बाजूला एक छोटा फीड पंप असतो, त्याला हातानं दाबायचा दट्ट्या असतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि दट्ट्या मारत राहायचा. आधी स्क्रूतून फेस येतो, सोडा उघडल्यासारखा. मग बुडबुडे कमी होतात आणि शेवटी स्वच्छ डिझेल यायला लागतं. तेव्हा स्क्रू कसायचा. मग तेच पंपावरच्या स्क्रूला. शेवटी इंजेक्टरच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की कसायचे. इथे हात लांब ठेवायचा, कारण त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाऊ शकते आणि ते थेट ऑपरेशनचं काम आहे. काकांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं, पाढे म्हणतात तसं.

मी दट्ट्या मारला. शंभर वेळा, दोनशे वेळा. फेस संपेना. पुढच्या वीकएंडला पुन्हा. फेस संपेना. अंगठा सुजला, सोमवारी टायपिंगचे वांदे. एका संपादकांना मी ‘अंगठा दुखतोय म्हणून कॉपी उशिरा’ असा मेसेज केला, त्यांनी उत्तरच दिलं नाही.

मी सगळे जॉइंट बघितले, कुठेही ओल नाही. गळत नाहीये तर हवा शिरतेय कुठून? तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते. तिथे भोक असलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे तिथली गळती दिसतच नाही. आणि ती शोधायची कशी? ‘अर्धं अर्धं करत जायचं.’ आम्ही टाकीचा पाइपच काढला आणि नवीन नळी डिझेलच्या कॅनमध्ये सोडली. तरी फेस. म्हणजे टाकी आणि तिचा लांबलचक पाइप निर्दोष. उरला फक्त फीड पंपाचा तोंडाचा जॉइंट. तिथे बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन वायसर असतात. बोटाच्या अंगठीएवढे. ते चेपून चेपून कडक झाले होते, नीट बसत नव्हते.

रात्रीचे नऊ वाजलेले. दुकान कुठलं उघडं? काका म्हणाले, ‘गॅसवर भाजून आण.’ मला वाटलं त्यांना भूक लागलीये. पण नाही. तांबं लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ होतं. काकूनं मला चिमट्यात वायसर धरून शेगडीपाशी उभी बघितली आणि म्हणाली, ‘मी सांगून ठेवतो, उद्या माझ्या चपातीला डिझेलचा वास आला तर दोघास्नी उपाशी ठेवीन.’ (हो, आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, ‘मी जातो, मी येतो’. पुण्यात मला त्यावरून अजून चिडवतात.) वायसर लालभडक झाले, पाण्यात सोडले, चुर्र झालं, काळपट थर घासून काढला आणि बसवले. चाळिसाव्या दट्ट्याला फेस थांबला. स्वच्छ, सोनेरी डिझेल. काकांनी टॉर्च तशीच धरून ठेवली होती, हात थरथरत होता, तरी बंद करेनात.

त्यानंतर हीटर प्लग. थंड इंजिनला आधी गरम करायला सहा सिलिंडरला सहा प्लग असतात आणि या जुन्या इंजिनात ते एकामागोमाग एकाच माळेत जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळा आठवताहेत? एक दिवा गेला की सगळी माळ बंद. तस्सं. डॅशबोर्डवर एक छोटी कॉइल असते, ती लाल झाली की समजायचं प्लग तापताहेत. आमची कॉइल काळीच. मी टेस्ट लॅम्प घेऊन एकेका प्लगला टेकवत गेले. पहिल्याला दिवा लागला, दुसऱ्याला लागला, तिसऱ्याच्या अलीकडे लागला आणि पलीकडे विझला. तिसरा गेलेला. यात काकांची मदत लागली नाही. मीच ओरडले, ‘तीन नंबर!’ ते म्हणाले, ‘ओरडू नको, झाडावरनं चिंचा पडतील.’ पण खूश होते.

आता तुमच्यापैकी कुणाच्या गावी असं धूड उभं असेल आणि वाचून हात शिवशिवत असतील तर थांबा. काही गोष्टी घरी करायच्या नाहीत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. लाकडी ठोकळे लावायचे, चाकांना दगड. जुन्या ट्रकच्या चाकाला लोखंडी रिंग असते, टायर रिमवर अडकवून धरणारी. हवा भरताना ती निसटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. ते टायरवाल्याचं काम, तोही पिंजऱ्यात ठेवून भरतो. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

आणि ब्रेक. ब्रेकपाशीच आमचं भांडण झालं.

खंडेनवमीच्या आदल्या शनिवारी मी पहिल्यांदा ब्रेकचं पॅडल दाबलं. ते सरळ तळाला गेलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यानं आतून गंज धरतो. चाकातल्या सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि आतला भाग खवल्या पडल्यासारखा झाला होता. त्याला स्लीव्ह बसवून घ्यायला लागणार, उद्यमनगरात लेथवर. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे अशा कामांची पंढरी. तिथे साठ वर्षांपूर्वीचा पार्ट नुसता बघून नवा करून देणारे लोक आहेत. पण सणाच्या तोंडावर त्यांनी दिवाळीनंतर या सांगितलं. काका म्हणाले, राहू दे, ब्रेकचं काय काम? इंजिन तर चालू होणार.

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता मी हीटरची किल्ली फिरवली. कॉइल लाल झाली. मनात चाळीस मोजले आणि स्टार्टर मारला. घर्र, घर्र, घर्र. काही नाही. पुन्हा. एक सिलिंडर खोकला. मग दोन. आणि मग अख्खा ट्रक थरथरला, चिंचेवरचे पक्षी उडाले, पांढऱ्या धुराचा लोट थेट काकूच्या दोरीवरच्या कपड्यांत. सहाही सिलिंडर लागल्यावरचा तो आवाज मला शब्दांत लिहिता येत नाही. दादा दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडात ठेवून तसाच उभा राहिला. अशा इंजिनाची किल्ली काढली तरी ते बंद होत नाही, हेही तेव्हाच त्याला कळलं. डिझेल तोडायला स्टॉपर ओढावा लागतो.

काकांनी नवा सदरा घातला होता. म्हणाले, देवळापर्यंत जाऊन येऊ. पूर्वी जायचे तसे. तीनशे मीटर तर आहे, गल्लीत कोण असतंय सकाळी. मी म्हटलं, ‘काका, ब्रेक नाहीत.’ ते म्हणाले, ‘घाटात ब्रेक फेल झालेली गाडी उतरवलीय मी, गिअरवर.’ मी म्हटलं, ‘तेव्हा तुमचा उजवा हात चालत होता.’

हे मी सगळ्यांसमोर बोलले. इंजिन चालू होतं म्हणून मोठ्यानं बोलले. तीन महिन्यांत त्या हाताचा विषय आम्ही एकदाही काढला नव्हता.

मी स्टॉपर ओढला. एकदम शांतता. काका काही न बोलता आत गेले. काकूनं माझ्याकडे बघितलं, पण ती काही बोलली नाही. तासभर मी पायरीवर बसून नखांतलं ग्रीस काढत होते. वहिनीनं चहा आणून दिला आणि हळूच म्हणाली, ‘बरोबर बोललीस तू.’ त्यानं आणखीनच वाईट वाटलं.

दहाच्या सुमारास काका बाहेर आले. डाव्या हातानं त्यांनी कुंपणाजवळचा एक मोठा चिरा ढकलायला सुरुवात केली. दादा धावला, तर त्याला हातानंच थांबवलं. मग कळल्यावर दुसऱ्या चाकासाठीचा चिरा दादाला आणायला लावला. दोन्ही चिरे पुढच्या चाकांपासून बरोबर एक फूट अंतरावर. मध्ये एकेक लिंबू. मग मला म्हणाले, ‘बस वर. क्लच पूर्ण दाब. पहिला टाक. मी हात वर केला की क्लच सोडायचा, हळू. चाक चिऱ्याला टेकलं की स्टॉपर. गिअर काढायचा नाही, गिअरमध्येच मरू दे.’

एवढा जड क्लच मी आयुष्यात दाबला नव्हता. उभीच राहिले त्यावर. स्टिअरिंग म्हणजे परात. काका पुढे, बाजूला, लांब उभे. त्यांनी हात वर केला. उजवा. खांद्यापर्यंत गेला.

क्लच सुटला, ट्रक हलला, लिंबू फुटल्याचं ऐकू आलं नाही पण चिऱ्याला चाक टेकल्याचा धक्का बसला आणि मी स्टॉपर ओढला. एक फूट. कोल्हापूर ते कोल्हापूर.

डिझायनरला मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. त्याला दुसरीकडे एक तोंड मिळालंय म्हणे. खोलीचा प्रश्न अजून आहेच. दादा म्हणतो ट्रक पलीकडच्या भिंतीला नेऊ, मग इकडे खोली बसते. पण त्यासाठी तो वीस फूट मागे आणि तीस फूट बाजूला घ्यायचा, म्हणजे ब्रेक आधी. वहिनीनं टेपनं मोजून ठेवलंय.

परवा काकांचा व्हॉइस नोट आला. स्लीव्हचं काम झालंय. येताना चांगल्या कंपनीचं ब्रेक ऑइल आण, सीलबंद डबा बघून घे, फोडलेला नको. आणि त्या तुझ्या रूममेट्सपैकी कुणी येणार असेल तर आण, पॅडल दाबायला एक माणूस कमी पडतंय.